कॅम्पर ट्रेलरमध्ये १४७ रात्री: सगळं ठीक, पण कोठीच्या दाराचं रबर

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डर्बीला पोचलो त्या संध्याकाळी भाकरी करायची म्हणून ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला, तर पीठ गुलाबी. आधी वाटलं मावळतीचा उजेड पडलाय. चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि दाताखाली कचकच आली. अडीच किलो पीठ होतं, डार्विनमधल्या भारतीय दुकानातून आणलेलं. चाळून काही होईना, कारण किंबर्लीची लाल माती, जिला तिकडे पिंदान म्हणतात, ती पिठाहून बारीक असते. सगळं टाकावं लागलं. पुढे पर्थपर्यंत मला ज्वारीचं पीठ मिळालं नाही.

हा अनुभव लिहायचं मूळ कारण ते पीठ. आमच्या कॅम्पर ट्रेलरची, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या घडीच्या तंबूघराची, बाकीची माहिती विक्रेत्यांच्या पत्रकात असतेच. मागच्या बाजूला उघडणारा, खाली टणक फळीची जमीन आणि वर कॅनव्हास, बाजूला बाहेर ओढायचं स्वयंपाकघर, कमाल वजन २,००० किलो, या प्रकारातले ट्रेलर वाचणाऱ्यांनी पाहिलेले असतील. आम्ही मेलबर्नहून ३ मे २०२५ ला निघालो आणि २७ सप्टेंबरला परत आलो. नवऱ्याची लाँग सर्व्हिस लीव्ह (बरीच वर्षं नोकरी केल्यावर मिळणारी भरपगारी रजा) साठली होती, माझी नोकरी मी मार्चमध्येच सोडली होती. अ‍ॅडलेड, कूबर पेडी, उलुरू, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, डार्विन, कुनुनुरा, गिब रिव्हर रोड, ब्रूम, एक्समथ, पर्थ आणि नलारबॉरवरून घरी. आतबाहेर फिरलो ते धरून १४,६०० किलोमीटर झाले. १४७ रात्रींपैकी ५२ फुकटच्या थांब्यांवर, ३१ राष्ट्रीय उद्यानांत आणि गुरांच्या स्टेशनांवर (म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतांवर), ४५ पैसे भरून कॅरव्हॅन पार्कमध्ये आणि १९ पर्थला धाकट्या दिराच्या अंगणात.

कुनुनुरापर्यंत कुणी विचारलं असतं तर मी या ट्रेलरला पैकीच्या पैकी गुण दिले असते. मला सगळ्यात जास्त धास्ती कॅनव्हासची होती, आणि तोच सगळ्यात भरवशाचा निघाला. घेतल्यावर अंगणात उभा करून तीनदा पाइपने चिंब भिजवला आणि पूर्ण वाळवला. सुताचे धागे पाण्याने फुगतात आणि शिलाईची भोकं बुजतात, म्हणून हे करायचंच असतं. अ‍ॅडलेडच्या अलीकडे रात्रभर पाऊस लागला, आत थेंब आला नाही. सकाळी मात्र ओलाच घडी करून निघावं लागलं. दुसऱ्या दिवशी पोर्ट ऑगस्टाला उघडला तर कुबट वास सुटला होता. दिवसभर उन्हात ताणून ठेवला आणि वास गेला. ओला कॅनव्हास दोन दिवसांपेक्षा जास्त घडीत राहिला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. त्यामुळे पावसातून निघालात तर पुढचा मुक्काम उन्हाचा शोधा, मग वाटेतलं काही बघायचं राहिलं तरी चालेल.

वजनाबद्दल एक आग्रहाने सांगते. निघण्याआधी सगळं सामान, भरलेल्या पाण्याच्या टाक्या आणि दोन्ही गॅस सिलिंडर घेऊन ट्रेलर सार्वजनिक वजनकाट्यावर न्या. आमचं १,९४० किलो भरलं, म्हणजे मर्यादेला फक्त साठ किलो कमी. हिचच्या बॉलवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर, १७० किलो येत होते. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार बॉलवर असावा असा सर्वसाधारण दंडक आहे, त्याला ते थोडं कमी पडत होतं. पाण्याचे कॅन आणि हत्यारांची पेटी मागून पुढे आणल्यावर ते १९० झालं. स्टुअर्ट हायवेवर समोरून ५३ मीटरची रोड ट्रेन (मागे अनेक डबे जोडलेला ट्रक) येते तेव्हा तिच्या वाऱ्याचा धक्का पूर्ण ट्रेलरला बसतो. ज्यांनी जड सामान मागे रचलेलं असतं त्यांच्या ट्रेलरची शेपूट हलायला लागते. तशी हलली तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे. आम्ही नव्वदच्या वर कधी गेलो नाही. एरवी आमची गाडी शंभर किलोमीटरला साडेनऊ लिटर डिझेल पिते, ट्रेलर मागे असताना सरासरी १४.२ पडली. आउटबॅकमधल्या, म्हणजे आतल्या ओसाड भागातल्या, रोडहाउसच्या (हायवेवरचा पंप आणि खानावळ) दरात हा फरक फार बोचतो, म्हणून मोठ्या गावात टाकी भरल्याशिवाय मी पुढे जाऊच दिलं नाही.

विजेची काही अडचण आली नाही. लिथियमची २०० अँपिअर-अवरची बॅटरी, छतावरचे सोलर आणि गाडी चालताना होणारं चार्जिंग एवढ्यावर फ्रिज पाच महिन्यांत एकदाही बंद पडला नाही. पाणी दोघांना दिवसाला बारा लिटर पुरलं. कूबर पेडीत नाणं टाकून पाणी भरावं लागतं, तिथपासून भांडी आधी कागदाने पुसून मग धुवायची सवय लागली आणि ती अजून आहे. ओढून बाहेर काढायच्या ओट्यावर वाऱ्यात गॅसची ज्योत लवते, तेवढं मात्र आधी कळायला हवं होतं. तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा लावल्याशिवाय भाकरी फुगत नाही. कुकर न्याच. मुगाची खिचडी कुकरमध्ये जेवढ्या गॅसवर होते तेवढ्यावर उघड्या पातेल्यात नुसतं आधण येतं. सहा महिन्यांचं मेतकूट आणि लसणीची चटणी मी घरून करून नेली होती. संध्याकाळी सातला कुठेतरी माळावर पोचलं की मेतकूट-भात-तुपाने जे समाधान मिळतं ते कुठल्याच रोडहाउसच्या बर्गरने मिळत नाही.

कुनुनुराजवळ वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर क्वारंटाइनची चौकी आहे. ताज्या भाज्या, फळं, मध बहुतेक सगळं काढून घेतात. ते माहीत असल्याने आदल्या रात्री मी उरलेले कांदे, मिरच्या आणि कोबी शिजवून संपवले होते. तपासनीस बाईंनी कोठीचा सगळा खण रिकामा करायला लावला. त्या दिवशी आत धुळीचा कण नव्हता, हे मला नीट आठवतं, कारण मीच एकेक डबा काढून पुसून परत ठेवला. पण तोपर्यंतचा आमचा जवळजवळ सगळा रस्ता डांबरी होता. स्टुअर्ट हायवे १९८७ पासून पूर्ण डांबरी आहे. ट्रेलर कच्च्या रस्त्यावर कसा वागतो हे आम्हाला दोन महिन्यांत कळलंच नव्हतं, आणि मी घरच्या मंडळींना ‘एकदम भारी आहे’ असे फोन करत होते.

मग गिब रिव्हर रोड. साधारण ६६० किलोमीटर, बराचसा कच्चा. आपल्याकडच्या पन्हाळी पत्र्यावरून गाडी न्यावी तसा तो रस्ता, आणि मधूनमधून फुफाटा. तिकडे त्याला बुलडस्ट म्हणतात, पण फुफाटा हाच शब्द त्याला बरोबर बसतो: चाक बुडतं, धूर उठतो आणि बराच वेळ खाली बसत नाही. आम्ही टायरमधली हवा कमी केली, चाळीस-पन्नासच्या वर गेलो नाही, दर तासाला थांबून नटबोल्ट पाहिले. सांगाडा, स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, कशालाही काही झालं नाही. झोपायच्या भागातही धूळ आली ती नावापुरती. पण कोठीचा खण! एक मीटर रुंदीचं ते दार, त्याच्या कडेने चिकटवलेली फोमची पट्टी, आणि आत आमचं पाच महिन्यांचं वाणसामान. डाळींच्या पिशव्यांवर, चहाच्या डब्यात, मिठात, लोणच्याच्या बरणीच्या आट्यांत लाल थर. स्टीलच्या डब्यांची झाकणं हादऱ्याने सैल होतात, त्यामुळे पीठ गेलं. हे एका दारापुरतंच होतं, आणि त्या एका दाराने माझे पुढचे दीड महिने खाल्ले.

विक्रेत्याला डर्बीहूनच फोटो पाठवले. त्यांच्या पत्रकात ‘धूळरोधक कोठी’ आणि ‘ऑफ-रोड’ हे दोन्ही शब्द ठळक छापलेले आहेत, त्याचाही फोटो पाठवला. उत्तर आलं, की कच्च्या रस्त्यावर वापर केल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मला ते वाचून रडू आलं. आम्ही २७,९०० डॉलर मोजले होते, ते याच शब्दांवर विश्वास ठेवून. कच्च्या रस्त्यासाठी म्हणून विकलेली वस्तू कच्च्या रस्त्यावर नेली, यात आमची चूक काय? मी परत लिहिलं, की ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्याप्रमाणे वस्तू वर्णनाप्रमाणे आणि सांगितलेल्या कामाला योग्य असलीच पाहिजे, आणि हा हक्क विक्रेत्याच्या वॉरंटीच्या कागदाहून वेगळा आहे. स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने २०२२ साली नव्या कॅरव्हॅनच्या विक्रीबद्दल खास अहवाल काढला होता, तोही जोडला. त्यावर ‘ट्रेलर शोरूमला आणून दाखवा’ असं उत्तर आलं. शोरूम साडेचार हजारांहून जास्त किलोमीटरवर होती. अकरा ईमेल झाले. नवरा म्हणाला, “अगं, रबराची पट्टी आहे ती, आपण घेऊ विकत.” मी म्हटलं, पट्टी घेऊच, पण पैसे त्यांनी द्यायचे.

इथपर्यंतचं बरंचसं मी ब्रूममध्ये बसून रागात लिहिलं होतं. पुढचं घरी आल्यावर लिहिते आहे, आणि मधल्या काळात काही मतं बदलली.

ब्रूमला आम्ही २५ रात्री राहिलो. लांबच्या मुक्कामाला हा प्रकार किती सोयीचा, हे तिथे कळलं. ट्रेलर एकदा उभा करून हिच सोडवला की गाडी मोकळी. बाजारात जायला, केबल बीचला जायला रोज घर आवरावं लागत नाही. शेजारी एक जोडपं मोटरहोम घेऊन आलं होतं. त्यांना दूध आणायलाही सगळं बांधून निघावं लागायचं. आठवड्याच्या दराने जागा घेतली की रोजचा खर्चही बराच उतरतो, आणि जूनपासून ऑगस्टपर्यंत तिथे जागा मिळणंच मुश्कील असल्यामुळे मी ती एप्रिलमध्येच धरून ठेवली होती. ऑगस्टची पौर्णिमा ९ तारखेला होती, ती बघूनच निघायचं ठरवलं. ओहोटीला रोबक बेचा चिखल उघडा पडतो. त्यावर उगवत्या चंद्राची तिरीप पायऱ्यांसारखी पडते. आम्ही डबा घेऊन टाउन बीचवर दोन तास आधी जाऊन बसलो होतो. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवायचा प्रयत्न केला, फोनवर काही दिसेना, तर म्हणाली, “तू नीट बघ, मला नंतर सांग.” तेवढ्या वेळापुरती मी कोठीचं दार विसरले होते.

ब्रूम सोडलं त्याच दिवशी ट्रेलरच्या चाकाचं बेअरिंग गेलं. मी प्रत्येक थांब्यावर उतरून चारही हबला, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाला, हाताचा पंजा लावून बघते. कोमट असले तर ठीक. सँडफायर रोडहाउसच्या अलीकडे डाव्या बाजूच्या मागच्या हबला हात टेकवेना. रस्त्याच्या कडेला जॅक लावून चाक काढलं. आतलं ग्रीस ताकासारखं पांढुरकं आणि पातळ झालेलं, बेअरिंगच्या रोलरवर निळे डाग. सुटे बेअरिंग, सील आणि ग्रीस आम्ही घरूनच घेतलं होतं, साठ डॉलरचा संच. दोन तास गेले, पण टो-ट्रक बोलावावा लागला नाही. तिथे टो-ट्रकचा खर्च किती आला असता याचा विचारही करवत नाही. त्या रात्री मी विक्रेत्याला बारावा ईमेल लिहिला आणि बेअरिंगचा दोषही त्यांच्याच माथी मारला.

तो ईमेल मला मागे घ्यावा लागला. २५ ऑगस्टला पर्थला पोचलो, दोन दिवसांनी गणपती. माझा दीर पिल्बाराच्या लोखंडाच्या खाणीत यंत्रांची देखभाल करतो, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. गणपतीसाठी त्याने पाळी बदलून घेतली होती. त्याला खराब झालेलं बेअरिंग दाखवलं. त्याने एकच विचारलं, “वहिनी, पेंटेकोस्ट नदी ओलांडण्याआधी किती वेळ थांबला होतात?” थांबलोच नव्हतो. मगरींमुळे तिथे पाण्यात उतरून खोली बघता येत नाही, पुढची गाडी कुठून गेली ते पाहिलं आणि तशीच आमची घातली. तेव्हा हब तापलेले होते. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की त्याचा वंगणाचा गुण जातो, आणि हजार-दीड हजार किलोमीटरनंतर बेअरिंग जळतं. नदीच्या अलीकडे पंधरा-वीस मिनिटं चहा करून थांबायचं, हब निवले की मग पाण्यात उतरायचं. हे आमचं चुकलं होतं. विक्रेत्याला मी तसं स्पष्ट कळवलं, कारण खरं ते खरं.

पण दिरानेच कोठीचंही कोडं उलगडलं, कारण तिथेही तेच घडत होतं. चालत्या ट्रेलरच्या मागे आणि कडांना हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे खणातली हवा काही फटींतून बाहेर खेचली जाते आणि तिच्या जागी दुसऱ्या फटींतून बाहेरची हवा आत येते, आणि बाहेरची हवा म्हणजे फुफाटा. नुसतं रबर बदलून भागणार नाही, आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त हवा. त्यासाठी पुढच्या बाजूला, वाऱ्याच्या दिशेने तोंड असलेली छोटी झडप आणि तिला फिल्टर लावायचा. चालताना हवा गाळून आत येते आणि फटींतून बाहेर जात राहते. उलट जोर, उलट दिशा. खाणीतल्या डंपरच्या केबिन अशाच दाबाखाली ठेवतात म्हणे. आमच्या ट्रेलरला ती झडप ठेवलेलीच नव्हती, आणि ‘धूळरोधक’ लिहिणाऱ्याला एवढं माहीत असायलाच हवं होतं. या मुद्द्यावर माझा राग कमी झालेला नाही.

रबर कुठे टेकतं आणि कुठे नाही ते शोधायला दिराला खडू हवा होता. मी गौरींसाठी काढलेली रांगोळी दिली. दाराच्या चौकटीच्या काठावर बोटाने पांढरी रांगोळी लावली, दार बंद केलं, कुलूप दाबलं, उघडलं. जिथे रबरावर पांढरी रेघ उमटली तिथे ते घट्ट बसत होतं. डावीकडच्या बिजागरीपासून खालच्या कोपऱ्यापर्यंत तब्बल चाळीस सेंटिमीटर काहीच उमटलं नाही. दीड महिना त्या दाराशी झुंजत होते आणि रोग एका रांगोळीच्या रेघेने सापडला. मूळची पट्टी उघड्या छिद्रांच्या फोमची होती, आणि ती दबून गेली होती. ती खरवडून काढली आणि बंद छिद्रांचं, आतून पोकळ, अर्धगोल रबर लावलं. साडेतीन मीटर लागलं. कुलपाची पकड एक आटा आवळली. पुढच्या भिंतीत फिल्टरची झडप बसवली. रबर, गोंद, झडप आणि फिल्टर मिळून १६४ डॉलर. पावत्या विक्रेत्याला पाठवल्या आणि लिहिलं, की आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर व्हिक्टोरिया राज्याच्या ट्रायब्यूनलमध्ये (ग्राहकांचे तंटेही ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात) अर्ज करते. सातव्या दिवशी १६४ डॉलर खात्यात जमा झाले. सोबत एका ओळीचाही मजकूर नव्हता. पिठाचे पैसे मी मागितले नव्हते, मागायला हवे होते.

मग ट्रेलर घ्यावा का? दोघं असाल, तीन महिन्यांपेक्षा जास्त फिरणार असाल आणि एकेका जागी रमणारे असाल तर घ्या. रोज नव्या गावी जायचं असेल तर घेऊ नका. उभा करायला बारा मिनिटं आणि आवरायला पंचवीस लागतात, आणि रोजची ती पंचवीस मिनिटं दोन आठवड्यांत जीव खातात. आम्ही सलग सहा दिवस रोज मुक्काम हलवला त्या आठवड्यात एकमेकांशी धड बोललो नव्हतो. गादी पातळ आहे, वरून पाच सेंटिमीटरची दुसरी घाला. एक्समथकडे वारा फार, तिथे ओसरीचा कॅनव्हास लावूच नका, दोऱ्या रात्रभर कण्हत राहतात. आणि विकत घ्यायला जाल तेव्हा खिशात रांगोळीची पुडी घेऊन जा. विक्रेत्यासमोर प्रत्येक दाराला लावून बघा. चिडला तर चिडू दे.

परतीला नलारबॉर. एअर हायवे १९७६ पासून पूर्ण डांबरी आहे, पण त्याला समांतर जुन्या हायवेचा कच्चा रस्ता अजून आहे, आणि मी नवऱ्याला मुद्दाम तिकडून पन्नास किलोमीटर न्यायला लावलं. किंबर्लीत मी चाचणीसाठी खणात पांढरा रुमाल अंथरायचे. नलारबॉर हे चुनखडीचं पठार, तिथली धूळ फिकट पांढरी, रुमालावर दिसली नसती. म्हणून त्याचा काळा टी-शर्ट अंथरला, वर पर्थहून घेतलेल्या ज्वारीच्या पिठाचा डबा ठेवला. पन्नास किलोमीटरनंतर दार उघडलं. शर्ट काळाच होता. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात, बिजागरीजवळ, बोटभर लांबीची एक फिकी रेघ होती. अर्धा मीटर रबर आणखी मागवलंय, या शनिवारी लावते.